बुरशीच्या साहित्यात करिअर: पदवी मात्र रुंद पायाची घ्यावी

देवगड तालुक्यातील एका आंबा बागायतदार पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बारावी विज्ञान शाखेत असून, बुरशीपासून थर्मोकोलला पर्याय तयार होतो हे वाचल्यापासून याच क्षेत्रात जायचे असा तिचा आग्रह आहे. ‘बुरशी म्हटली की आम्हाला भुरी आणि करपा हे आंब्यावरचे रोग आठवतात. जिच्या फवारणीवर पैसे जातात, तिच्यावर मुलीचे पोट कसे भरणार?’ असे ते विचारतात.

सप्रेम नमस्कार.

आपली शंका रास्त आहे, पण मुलगीही हवेत बोलत नाही. भाताचा पेंढा, तूस किंवा लाकडाचा भुसा बारीक करून, भिजवून, वाफेने निर्जंतुक करतात. त्यात अळिंबीचे (मशरूमचे) बियाणे मिसळून तो साच्यात भरतात. सुमारे आठवडाभरात बुरशीचे पांढरे तंतू त्या भुशात शिरून तो इतका घट्ट बांधतात, की साचा काढल्यावर ठोकळा आकार सोडत नाही. मग तो भट्टीत तापवून बुरशी मारली जाते. ही पायरी कच्ची राहिली, तर बुरशी जिवंत राहून पुन्हा वाढू लागते. अमेरिकेतील इकोव्हेटिव्ह ही कंपनी 2007 पासून हेच काम करीत आहे, आणि डेल कंपनीने 2011 च्या सुमारास आपले सर्व्हर अशा पॅकिंगमधून पाठवण्यास सुरुवात केली. इटलीतील मोगू ही कंपनी याच तंतूंपासून भिंतीवरील ध्वनिशोषक फलक बनवते.

दुसरी बाजूही मुलीला ठाऊक असावी. बोल्ट थ्रेड्स या कंपनीच्या ‘मायलो’ नावाच्या बुरशीजन्य चामड्यामागे आदिदाससारखे मोठे ब्रँड उभे होते. तरीही पुरेसे भांडवल न मिळाल्याने 2023 मध्ये त्याचे उत्पादन थांबवावे लागले. प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट कारखान्यात, दर वेळी त्याच दर्जाची आणि परवडणाऱ्या भावात काढणे हीच या धंद्याची खरी अडचण आहे. म्हणूनच ज्या अभ्यासक्रमाच्या नावातच ‘शाश्वत साहित्य’ वगैरे शब्द आहेत आणि शुल्क लाखांत आहे, त्याच्या मागे बारावीनंतर लगेच लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलीने सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करावे किंवा सीईटी देऊन बी.एस्सी. कृषीला जावे. आपल्या घरची शेती पाहता मी दुसऱ्या पर्यायाकडे झुकेन. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आपल्या पट्ट्यातच आहे, आणि कृषी शिक्षणात अळिंबीचा विषय वनस्पती रोगशास्त्राकडे येत असल्याने आपली भुरी, करपा आणि तिची बुरशी एकाच विभागात भेटतील. बुरशीच्या पॅकिंगचा धंदा रखडलाच, तरी या पदवीवर बँक, बियाणे कंपनी, कृषी खाते आणि स्पर्धा परीक्षा ही दारे उघडी राहतात. पुढे पदव्युत्तर शिक्षणात बुरशीशास्त्र घ्यावे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तर हिमाचल प्रदेशातील सोलन येथे अळिंबी संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. प्रबंधाचे किंवा प्रशिक्षणाचे काम अशा ठिकाणी मिळाले तर उत्तम. गणिताची आवड असेल, तर रासायनिक किंवा पॉलिमर अभियांत्रिकीचाही विचार करावा, कारण भट्टी, साचे आणि आर्द्रता यांचे गणित सांभाळणारा अभियंता या कामात बुरशीतज्ज्ञाइतकाच लागतो.

कोकणापुरते सांगायचे, तर 2018 साली राज्यात थर्मोकोलच्या ताटवाट्या आणि मखरांसारख्या सजावटीवर बंदी आली, त्यामुळे पर्यायाची गरज खरी आहे. कच्चा मालही दारात आहे. अडचण हवेची आहे. पावसाळ्याच्या दमट दिवसांत पेंढ्यावर हिरवी बुरशी फार लवकर चढते आणि पांढऱ्या तंतूंना मागे टाकते. शिवाय तयार ठोकळा पाणी शोषतो. मासळी बर्फात घालून पाठवायची पेटी यातून थेट करता येईल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. आंब्याची पेटीही वाटते तितकी सोपी नाही, कारण पिकताना फळ स्वतःच ओलावा सोडते. काचेच्या बाटल्या, दिवे, यंत्रांचे सुटे भाग अशा कोरड्या मालाचे पॅकिंग आज अधिक जवळचे आहे. ओलावा रोखणारे नैसर्गिक लेपन हा मात्र कोकणातल्या विद्यार्थिनीसाठी संशोधनाचा फार चांगला विषय ठरेल.

बारावीची परीक्षा संपली, की मुलीने घरच्या पेंढ्यावर धिंगरी अळिंबीच्या दहाबारा पिशव्या लावाव्यात. बियाण्यासाठी कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. कोणती पिशवी कधी भरली, पेंढा किती वेळ उकळला, हिरवी बुरशी कुठे आली याची तिने रोज नोंद ठेवावी. निम्म्या पिशव्या फुकट गेल्यावरही तिला पुढची खेप लावावीशी वाटली, तर प्रवेशाचा अर्ज निर्धास्तपणे भरावा. शेड किंवा यंत्रांसाठी कर्ज मात्र आत्ता काढू नये. तो विचार तिची पदवी हाती आल्यावर, त्या वेळचा बाजार पाहून करावा.