गोल्फ न खेळणाऱ्या सिव्हिल इंजिनीअरला गोल्फ कोर्स डिझाइनमध्ये शिरता येईल का? या विषयावर वाचण्या-लिहिण्याचा काही उपयोग होतो का?

होतो, भरपूर होतो. "लिहिणाऱ्यांना जमिनीतलं काय कळतंय" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

मुळशीकडच्या एका कोर्सवर मी काम करायचो आणि मासिकांत लिहायचोही. एका फेअरवेला (चेंडू मारत पुढे न्यायचा कापलेल्या गवताचा पट्टा) आडवा ओढा येत होता, डिसेंबरात कोरडा ठणठणीत. मुख्य डिझायनरने ठरवलं, मुरूम टाकून बुजवायचा आणि खालून पाइप काढायचा. मी म्हटलं, ओढा राहू द्या, तोच हॅझर्ड (खेळातला अडथळा). फेअरवे अलीकडे संपवा, ग्रीन (भोकाभोवतीची बारीक गवताची जागा) पलीकडच्या उंचवट्यावर घ्या. उत्तर आलं, "तुम्ही लेख लिहा, डोझरचं आम्ही बघतो."

जुलैत पाइपाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला आणि पाणी थेट ग्रीनवर चढलं. ग्रीनखाली 10 सेंटिमीटर खडी, तिच्यावर 30 सेंटिमीटर वाळू, सगळं नियमाप्रमाणे होतं. पण वाळूवर गाळ बसला की निचरा खलास. मी सुरी खुपसून एक तुकडा कापून दाखवला: वर बोटभर तांबडा चिखल, खाली वाळू जवळजवळ कोरडी. दिवाळीनंतर ओढा मोकळा केला आणि ग्रीन वर सरकवलं. माझं नाव कुठेच आलं नाही.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर स्विल्कन बर्न हा छोटासा ओहोळ पहिल्या ग्रीनच्या अगदी पुढून वाहतो. त्यावर लेख लिहिला होता, म्हणून मुळशीचा ओढा मला अडचण वाटला नाही. नामवंत कोर्स डिझायनर ॲलिस्टर मॅकेंझी मूळ पेशाने डॉक्टर. कोर्स डिझाइनवरचं त्यांचं पुस्तक 1920 चं. सायप्रेस पॉइंट आणि ऑगस्टा हे त्यांचे अमेरिकेतले गाजलेले कोर्स नंतरचे. अमेरिकन डिझायनर टॉम डोकही आधी लोकांच्या कोर्सवर सडेतोड लिहायचे, 2001 मध्ये त्यांचा पॅसिफिक ड्यून्स हा कोर्स उघडला. यांना कोण म्हणणार, डोझरपासून लांब राहा?

हां, खेळायला मात्र शिका. चांगलं नाही जमलं तरी चालेल, पण चेंडू उतारावर कसा पळतो हे कागदावर कळत नाही. आपल्याकडे नवे कोर्स कमी निघतात, त्यामुळे पहिली नोकरी बहुधा ड्रेनेज नाहीतर स्प्रिंकलरच्या कामावर मिळेल. ती घ्या. पहिल्या मोठ्या पावसात साइटवर हिंडा, पाणी कुठून जातं ते वहीत उतरवा आणि त्यावर लिहा, वरिष्ठांना आवडो न आवडो.