पिवळ्या पट्ट्या मारणारं पोरगं

पत्र : मी जालना जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा करून दीड वर्षापासून वाळूजच्या एका कंपनीत ट्रेनी आहे. काम काय, तर 'लीन', म्हणजे कारखान्यात जे वाया जातं ते शोधून कमी करायचं म्हणे. परवा त्याने स्टेटसला फोटो ठेवला. गुडघ्यावर बसून जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवतोय. शेजारी म्हणाले, "गुरुजी, पोराला झाडलोटीला लावलं का?" मान खाली गेली. पुतण्या पुण्यात ऑटोमेशनमध्ये आहे, त्याचं पॅकेज चांगलं आहे. इकडे बिडकीनला टोयोटा येणार म्हणतात, तिथं सगळे रोबोटच असणार. एक संस्था सहा महिन्यांचा इंडस्ट्री ४.० कोर्स देते, म्हणजे रोबोट, सेन्सर आणि नेटला जोडलेल्या मशीनचा. फी १ लाख ८० हजार, शंभर टक्के प्लेसमेंट. अर्धा एकर काढायची तयारी आहे. मुलगा म्हणतो, 'मशीन का थांबलं हे शोधायला मला आवडतं.' ऐकतच नाही. तुम्ही त्याला समजवा. सोबत फोटो जोडला आहे.

उत्तर : गुरुजी, समजवायचंच झालं तर आधी तुम्हाला समजवावं लागेल. राग मानू नका.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. फोटो, शेजारी, पुतण्या, टोयोटा, फी, सगळं सविस्तर आहे. मुलाला काय आवडतं यावर एकच वाक्य आहे आणि तेही त्याच्याविरुद्धची तक्रार म्हणून आलंय. मला मात्र अख्ख्या पत्रात तेवढंच वाक्य महत्त्वाचं वाटलं. 'मला रोबोटिक्समध्ये करिअर करायचंय' असं सांगणारी मुलं माझ्याकडे रोज येतात. रोबोट म्हणजे काय विचारलं की यूट्यूबवरचा व्हिडिओ दाखवतात. 'मशीन का थांबलं हे शोधायला आवडतं' असं म्हणणारा वर्षाकाठी एखादा भेटतो. तो तुमच्या घरात आहे आणि तुम्ही मान खाली घालून बसलात.

दुसरं, अर्धा एकर. ही गोष्ट तुम्ही त्याच्यासमोर बोलला असणारच. त्याने काय होतं सांगते. उद्या कोर्समध्ये महिन्याभरात त्याला कळलं की इथे शिकवत काहीच नाहीत, तरी तो तोंड उघडणार नाही. बापाने जमीन विकली, आता परत कुठल्या तोंडाने जायचं? सहा महिने गप्प बसून काढेल आणि मिळेल त्या कंपनीत चिकटेल. त्या 'शंभर टक्के प्लेसमेंट'मध्ये हेही मोजतात. जमीन काढू नका. हे सल्ला म्हणून नाही, आधी सांगून ठेवते म्हणून ऐका.

आता त्या पिवळ्या पट्टीकडे येऊ. तुमच्या मनात एक हिशेब पक्का बसलाय. लीन म्हणजे साफसफाई, टापटीप, जुनी गोष्ट. रोबोट, सेन्सर, नेटला जोडलेली मशीन म्हणजे नवी गोष्ट. म्हणून जुनं सोडून नव्याकडे पळायचं. गंमत अशी की ज्या टोयोटाचं नाव तुम्ही घेतलंत, ही 'जुनी गोष्ट' त्यांच्याच घरची. आणि तिची सुरुवातच ऑटोमेशनपासून आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये तयार केलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपला आपण थांबायचा. खराब कापड विणलं जायचं नाही आणि प्रत्येक मागापाशी माणूस उभा करावा लागायचा नाही. एकच कामगार अनेक माग सांभाळायचा. याला ते जिडोका म्हणतात. चूक झाली की मशीनने स्वतः थांबावं आणि माणसाने येऊन कारण शोधावं. पुढे ताइइची ओनो यांनी हाच विचार मोटारीच्या कारखान्यात रुजवला. गरजेपेक्षा जास्त बनवणं, वाट बघणं, उगाच ने-आण, साठा, रिजेक्शन असं जे जे वाया जातं ते नजरेला पडेल असं शॉपफ्लोअर, म्हणजे कारखान्यातली कामाची जागा, मांडायचं. तुमच्या मुलाची पिवळी पट्टी त्यातलीच. 'लीन' हे नाव त्याला १९८८ मध्ये अमेरिकेत पडलं. 'इंडस्ट्री ४.०' हा शब्द २०११ च्या जर्मनीतल्या हॅनोव्हर मेळ्यात पुढे आला. तेव्हा ही दोन वेगळी खाती नाहीत. तुमचा मुलगा पहिल्या इयत्तेत आहे आणि तुम्ही त्याला थेट चौथीत बसवायला निघालात.

क्रम का महत्त्वाचा, ते आकड्यांत बघा. समजा शिफ्टमध्ये कामाची ४५० मिनिटं आहेत आणि ९०० नग पाहिजेत. म्हणजे दर ३० सेकंदाला एक नग बाहेर पडला पाहिजे. याला टॅक्ट टाइम म्हणतात. लाइनवर तीन स्टेशनं : पहिल्यावर २८ सेकंद लागतात, दुसऱ्यावर ४६, तिसऱ्यावर २२. साहेबांनी हौसेने पहिल्या स्टेशनवर रोबोट बसवला, काम १५ सेकंदांत व्हायला लागलं. किती नग वाढले? एकही नाही. लाइन अजून ४६ सेकंदांच्याच चालीने चालते, शिफ्टला ६०० सुद्धा पुरे होत नाहीत, आणि दुसऱ्या स्टेशनपुढे ढीग मात्र वाढतो. आता एखादा पोरगा स्टॉपवॉच घेऊन दुसऱ्या स्टेशनपाशी उभा राहतो. त्याला दिसतं की ऑपरेटर दर नगाला चार पावलं चालतो आणि जमिनीवरच्या बिनमधून वाकून ब्रॅकेट उचलतो. यात १२ सेकंद जातात. पाइपचा एक स्टँड करून बिन हाताशी आणला, ४६ चे ३४ झाले. मग तिथे ऑटोमॅटिक स्क्रू-ड्रायव्हर लावला की २९. तिथे लावलेल्या ऑटोमेशनचा पैसा वसूल होतो. अति ऑटोमेशन ही चूक झाली, असं २०१८ मध्ये टेस्लाच्या इलॉन मस्क यांनीच जाहीर कबूल केलं होतं, मॉडेल ३ चं उत्पादन अडलं तेव्हा.

जोडलेल्या मशीनचंही तेच. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात गेले होते. भिंतीवर भला मोठा टीव्ही, प्रत्येक मशीन चालू की बंद, किती वेळ बंद, सगळं रंगीत. बंद पडण्याचं सर्वांत मोठं कारण 'मटेरियल नाही' असं दिसत होतं. मॅनेजर स्टोअरवाल्यांवर उखडलेले. ऑपरेटरला विचारलं तर तो हसला. मशीन थांबलं की स्क्रीनवर कारणांची यादी येते आणि 'मटेरियल नाही' हे पहिलं बटण आहे. पुढच्या कामाची घाई असते, सगळे तेच दाबतात. लाखोंची यंत्रणा आणि आत भरलेली माहिती अशी.

हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. हजेरीपटावर 'गै' लागला, ऑनलाइनही भरला गेला. पण लेकरू आजारी आहे, की आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलंय, हे हजेरीपट सांगत नाही. त्यासाठी वस्तीवर जावं लागतं. सेन्सर 'गै' लावतो. वस्तीवर जाणारा माणूस तुमचा मुलगा आहे.

अर्थात त्यालाही सगळं माफ नाही. तीन वर्षं पट्ट्याच चिकटवत बसला तर तुमची काळजी खरी ठरेल. त्याने आता मेंटेनन्सच्या माणसाशी दोस्ती करावी. इलेक्ट्रिकल ड्रॉइंग वाचायला, प्रॉक्सिमिटी सेन्सरची (वस्तू जवळ आली की ओळखणाऱ्या सेन्सरची) वायर कुठे जाते ते बघायला, पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचं, लॅडर (आकृतीसारखा लिहिलेला प्रोग्राम) समजून घ्यायला शिकावं. एखाद्या जुन्या मशीनचा थांबलेला वेळ आधी महिनाभर कागदावर लिहावा, कारणासकट, आणि मगच तिथे कोणता सेन्सर लागेल ते साहेबांना सांगावं. असं एक काम हातून झालं की मुलाखतीत त्याला कोर्सचं सर्टिफिकेट दाखवायची गरज पडत नाही. ट्रेनीची मुदत कधी संपते आणि पुढे कायम करणार का, हे कंपनीला लेखी विचारायलाही लाजू नये. त्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे.

कोर्स करायचाच तर चिकलठाणा एमआयडीसीतल्या इंडो-जर्मन टूल रूम या सरकारी प्रशिक्षण संस्थेत आधी जाऊन या. त्या दुसऱ्या संस्थेतही जा, पण माहितीपत्रक घेऊन परतू नका. लॅब उघडायला सांगा. टेबलावर खरी पीएलसी आहे का, एकीवर किती मुलं बसतात, की नुसता प्रोजेक्टर आहे? मागच्या बॅचच्या तीन मुलांशी बोलायचंय म्हणा. टाळाटाळ झाली की चहासुद्धा न घेता निघा. डिग्री करायची असेल तर डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश असतोच, ते तुम्हाला माहीत आहे.

आणि सगळं मोठ्या प्लांटमध्येच असतं असंही नाही. छोट्या उद्योगांसाठी केंद्राची लीन योजना २०२३ मध्ये नव्याने सुरू झाली, तिच्यात सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलतं. वाळूजच्या गल्ल्यांमधल्या दहा-वीस मशीनच्या वर्कशॉपना हे काम जाणणारी माणसं लागतात.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. पट्टी ट्रॉली ठेवायच्या जागेभोवती आहे. शेजारी भरपूर जागा रिकामी असूनही चौकोनात दोनच ट्रॉल्या मावतील एवढंच माप घेतलंय. रविवारी घरी आला की जमिनीचा विषय काढू नका. दोनच का, एवढं त्याला विचारा.