टी पेशींना आपलं-परकं कळतं, तर मग त्या आपल्याच शरीरावर का उलटतात?

तुम्ही लिहिलंय की मुलीला नवव्या वर्षी टाइप 1 मधुमेह निघाला आणि डॉक्टर म्हणाले, तिच्याच टी पेशींनी (जंतूंशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींनी) स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारल्या. मी डॉक्टर नाही, बी.एस्सी.ला इम्युनॉलॉजी शिकवतो. म्हणून उपचारांचं सोडून फक्त ‘का’ एवढंच सांगतो.

टी पेशींचा उगम अस्थिमज्जेत, पण त्या घडतात थायमसमध्ये, म्हणजे छातीच्या हाडामागच्या ग्रंथीत. पुस्तकं तिला टी पेशींची शाळा म्हणतात. मला ते खटकतं, कारण शाळेत नापासाला पुन्हा बसता येतं. इथे नुसतं धान्य निवडणं चालतं. प्रत्येक पेशी जनुकांचे तुकडे वाटेल तसे जोडून आपला रिसेप्टर, म्हणजे समोरचं ओळखून धरणारा पृष्ठभागावरचा रेणू, बनवते. त्यामुळेच कधी न पाहिलेला जंतू ओळखणारी पेशी निघते, आणि इन्सुलिनवर उठणारीही. आधी पाखडणं: ज्यांना काहीच धरता येत नाही त्या फोलासारख्या उडतात. मग खडे वेचणं: शरीराच्याच प्रथिनांना घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच मरतात. शंभरातल्या जेमतेम दोन-चार बाहेर पडतात.

पण थायमसमध्ये इन्सुलिन आलं कुठून? वर्गात हा प्रश्न कुणी आपणहून विचारला की मला फार बरं वाटतं. तिथल्या काही पेशी एआयआरई या जनुकाच्या जोरावर दूरदूरच्या अवयवांची प्रथिनं चिमूटभर बनवून दाखवतात. हे जनुक 1997 मध्ये सापडलं, तेही ज्यांच्यात ते जन्मतः बिघडलेलं असतं अशा रुग्णांमुळे. त्यांच्या पॅराथायरॉइड, ॲड्रिनल अशा एकेका ग्रंथीवर हल्ला होत जातो. हा आजार अगदी दुर्मिळ. पण थायमसमध्ये इन्सुलिन किती बनतं हे तुमच्याआमच्यातही कमीजास्त असतं, आणि जास्त बनवणारी जनुकीय ठेवण असेल तर टाइप 1 चा धोका कमी दिसतो.

तरीही खडे राहतातच. फार बारीक निवडलं तर जंतूंशी लढायला दाणेच उरणार नाहीत. निसटलेल्यांना बाहेर आवरतात नियामक टी पेशी. शिमोन साकागुची यांनी त्या 1995 मध्ये उंदरांत दाखवल्या. मेरी ब्रुन्को आणि फ्रेड राम्सडेल यांच्यासह त्यांना 2025 चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. ही पकड सैल झाली, त्यात एचएलए जनुकं (टी पेशींना प्रथिनांचे तुकडे कसे दाखवायचे हे ठरवणारी) तशी असली, वर एखाद्या विषाणूचं निमित्त झालं, की दाताखाली खडा येतो. तुमच्या मुलीत यातलं नेमकं काय घडलं, हे कुठल्याही तपासणीत कळत नाही.

लहानपणी गोड जास्त दिलं म्हणून झालं का, असंही विचारलंत. नाही. सासूबाई काहीही म्हणोत, पेढ्यांचा या निवडीशी संबंध नाही. धाकट्याला होईलच असंही नाही. एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नसतं. त्याच्या रक्तात बीटा पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी आहेत का हे तपासता येतं, पण ते आत्ता करावं का, हे मुलीच्या डॉक्टरांनाच विचारा.