रोजच्या वापरासाठी क्रूझर बाईक कशी असते? घेतल्यावर काय त्रास होतो?

तुम्ही लिहिलंय की सध्या १५० सीसीची साधी गाडी आहे, रोज ऑफिसला २० किलोमीटर जाणं-येणं असतं, त्यातलं बरंचसं गर्दीतून, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादी लांबची चक्कर. मन क्रूझरवर (खाली सीटची, लांब आणि जड गाडी) बसलंय, पण "रिव्ह्यू नकोत, रोज वापरणाऱ्यांनीच सांगा" असंही म्हटलंय. मी ६ वर्षं एअर-कूल्ड (वाऱ्याने गार होणारी) व्ही-ट्विन, म्हणजे V आकारात दोन सिलिंडर असलेली क्रूझर रोज वापरतोय. टाकी भरली की वजन २५० किलोच्या आसपास जातं. मॉडेलचं नाव मुद्दामच लिहीत नाही. पुढचं बरंचसं कुठल्याही क्रूझरला लागू पडतं, आणि नाव घेतलं की मूळ प्रश्न बाजूला राहून भांडणंच सुरू होतात.

चालत्या गाडीने मला फारसा त्रास दिलेला नाही. जो काही दिलाय तो थांबलेल्या, नाहीतर थांबायच्या बेतात असलेल्या गाडीने. दुकानात बसून बघताना हे कळत नाही, आणि मोकळ्या रस्त्यावरच्या टेस्ट राइडमध्ये तर मुळीच कळत नाही. तिथे गाडी लोण्यासारखी चालते. सीट जमिनीपासून जेमतेम ७०० मिलिमीटर, दोन्ही पाय सपाट टेकतात, वजन खाली असतं. माणसाला वाटतं, अरे, ही तर आपल्या जुन्या गाडीपेक्षा सोपी आहे!

मलाही तसंच वाटलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात पार्किंगमध्ये वळताना गाडी पाडली. वेग माणसाच्या चालण्याइतका, हँडल पूर्ण वळवलेलं, आणि समोर अचानक एक गाडी मागे यायला लागली. जुन्या सवयीने पुढचा ब्रेक दाबला. पुढचं सगळं अर्ध्या सेकंदात झालं. क्रूझरचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, जास्त तिरका असतो, ३० अंश किंवा त्याहून अधिक, आणि दोन चाकांमधलं अंतर १६०० मिलिमीटरच्या पुढे. सरळ रस्त्यावर याचमुळे गाडी रेल्वेसारखी स्थिर वाटते. पण अगदी हळू वेगात तेच हँडल आतल्या बाजूला आपोआप पडायला बघतं, त्यात पुढचा ब्रेक दाबला की गाडीचा सगळा भार त्याच बाजूला येतो. १५० सीसीची गाडी तिथे पायाने सावरता येते. २५० किलो एका ठरावीक कोनाच्या पलीकडे गेले की पाय मध्ये घालायचा नाही, सोडून द्यायची. आरसा आणि लिव्हर बदलता येतात, घोटा बदलून मिळत नाही.

तेव्हापासूनचा माझा नियम: चालण्याच्या वेगात फक्त मागचा ब्रेक आणि हाफ क्लच, आणि नजर जिकडे जायचंय तिकडे, पुढच्या चाकाकडे नाही. पुढचा ब्रेक हँडल सरळ असेल तरच. रिकाम्या मैदानात दोन रविवार आठ आकडा काढत बसलो, तेव्हा कुठे यू-टर्नची धडकी गेली.

पडलेली गाडी उचलण्याबद्दल थोडं सांगतो, कारण मी ती चुकीच्या पद्धतीने उचलली आणि चार दिवस कंबर धरून बसलो. आधी इंजिन बंद करा. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उभी केलीत की पलीकडे जाते (मी हाही अनुभव घेतलाय, विचारू नका). गिअर टाकलेला असू द्या, म्हणजे चाक पळणार नाही. मग गाडीकडे पाठ करायची, नितंब सीटच्या कडेला टेकवायचे, एका हाताने हँडलचं खालचं टोक, दुसऱ्याने फ्रेमचा घट्ट भाग पकडायचा, आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं टाकत मागे रेटायचं. कंबर वाकवून हातांनी ओढायचं नाही.

पार्किंगचंही तसंच. आता जागा दिसली की माझी नजर आधी उताराकडे जाते. भिंतीकडे उतार आहे आणि गाडी तोंड करून लावली, तर निघताना ती मागे ओढताना देव आठवतो. होंडाच्या गोल्ड विंगसारख्या मोठ्या टूरिंग गाडीला रिव्हर्स दिलेला असतो, तो चैनीसाठी नाही हे मला त्या भिंतीसमोर घाम पुसताना कळलं. आपल्या गाडीला तो नाही, म्हणून मागचं चाक भिंतीकडे करून लावायची, म्हणजे निघताना सरळ पुढे. उतारावर न्यूट्रलमध्ये कधीच उभी करायची नाही; पहिला गिअर टाकून, गाडी उताराच्या दिशेने हळूच सरकवून अडकू द्यायची, मगच हँडल सोडायचं. उन्हात डांबर मऊ होतं आणि साइड स्टँड हळूहळू आत रुततो. माझ्या डब्यात एक चेपलेलं पत्र्याचं झाकण कायम असतं, स्टँडखाली सरकवायला.

आता गरमी, म्हणजे तुमच्या २० किलोमीटरचा खरा प्रश्न. एअर-कूल्ड इंजिनाला गार ठेवणारी गोष्ट म्हणजे वारा, आणि सिग्नलला तोच नसतो. व्ही-ट्विनमध्ये मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला असतो, तुमच्या मांडीच्या आतल्या बाजूला. दहा मिनिटं रांगतरांगत गेलं की त्या मांडीला इस्त्री लावल्यासारखं वाटतं. काही मोठ्या व्ही-ट्विन गाड्यांमध्ये थांबल्यावर मागच्या सिलिंडरचं काम तात्पुरतं बंद होण्याची सोय असते. यावरून समजा की बनवणाऱ्यांनाही ही अडचण मान्य आहे. माझ्या गाडीत ती सोय नाही. मी जाड कापडाची पँट घालतो आणि सिग्नल मोठा असेल तर सरळ इंजिन बंद करतो. गर्दी रोजचीच असेल तर लिक्विड-कूल्ड (रेडिएटरमधल्या कूलंटने गार होणारी) क्रूझर बघा. तिचाही पंखा सुरू झाला की गरम हवा पायावर येते, पण इंजिनाचं तापमान आवाक्यात राहतं.

गरम इंजिनाची आणखी एक गंमत म्हणजे न्यूट्रल. थंड गाडीत अलगद लागणारं न्यूट्रल गर्दीत लागतच नाही. पहिला-दुसरा, पहिला-दुसरा, आणि मागचा हॉर्न वाजवतोय. मला वाटलं गिअरबॉक्स गेला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी क्लच प्लेट बदलायला सांगितल्या. एका जुन्या मेकॅनिकने क्लचची केबल बघितली, लिव्हरच्या मुळाशी २-३ मिलिमीटर ढील हवी तिथे चांगली बोटभर होती. म्हणजे लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नव्हता. दोन मिनिटांत काम झालं, प्लेट आजही त्याच आहेत. तरीही गाडी पूर्ण थांबायच्या आधी, हलत असतानाच न्यूट्रल करायची सवय लावून घ्या.

बॅटरीने तर मला दोनदा फसवलं. पहिल्यांदा तीन आठवडे गावाला गेलो होतो, आल्यावर सेल्फ मारला तर नुसतं टक-टक-टक. मोठे पिस्टन फिरवायला सेल्फला प्रचंड करंट लागतो, त्यामुळे लहान गाडी ज्या बॅटरीवर कशीबशी सुरू होईल तिच्यावर ही होत नाही. आणि किक बहुतेक क्रूझरना नसतेच. ढकलून सुरू करायचा विचारही करू नका. त्या वेळी चूक माझी होती. अलार्म चालू ठेवून गेलो होतो, तो थेंबथेंब बॅटरी पीत बसला. दुसऱ्यांदा मात्र गाडी रोज चालत होती आणि तरी तेच टक-टक. बॅटरी बदला असं सांगण्यात आलं, मी बदललीही, आणि पंधरा दिवसांत परत तेच. शेवटी साधा मल्टीमीटर आणला. बॅटरी भरलेली असेल तर इंजिन बंद असताना १२.६ ते १२.८ व्होल्ट, इंजिन चालू करून थोडं रेस केलं की १३.५ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवं. आकडे बरोबर होते. मग टर्मिनल हलवून बघितलं तर ते हातात डुलत होतं. थरथरीने नट सैल झाला होता, बस्स. नवी बॅटरी उगाच गेली.

ही थरथर हा व्ही-ट्विनचा स्वभावच आहे. काही लोक तिच्यासाठीच गाडी घेतात. पण ती आरशाचे, नंबर प्लेटचे, सायलेन्सरच्या पत्र्याचे बोल्ट हळूहळू सैल करते. महिन्यातून एकदा पाना घेऊन गाडीभोवती एक फेरी मारायची. जो बोल्ट वारंवार सुटतो त्याला निळा थ्रेडलॉक (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद) लावा. लाल नको, तो गरम केल्याशिवाय सुटत नाही आणि मग मेकॅनिक तुमच्या नावाने खडे फोडतो.

आता चालत्या गाडीचा एक त्रास, नाहीतर वर केलेलं कौतुक अगदीच एकतर्फी होईल: कंबर. पाय पुढे असल्यामुळे शरीराचा सगळा भार माकडहाडावर येतो. साध्या गाडीवर खड्डा दिसला की आपण नकळत फूटरेस्टवर उठतो. क्रूझरवर पाय कंबरेच्या पुढे असतात, उठताच येत नाही. त्यात सीट खाली ठेवायची म्हणून मागचे शॉक आखूड केलेले. पुष्कळ गाड्यांत मागचं चाक ८०-१०० मिलिमीटरच वरखाली होतं. खड्डा मोठा असला की शॉक तळाला लागतो आणि उरलेला धक्का पाठीचा कणा घेतो. यावर उपाय म्हणजे वेग आधीच कमी करणे, दुसरा मला सापडलेला नाही. गतिरोधक उंच असेल तर गाडीचं पोटही घासतं. त्यातल्या त्यात पाय फार पुढे नसलेली, फूटरेस्ट मध्यावर असलेली क्रूझर निवडा.

मागे बसणाऱ्याचे हाल आपल्यापेक्षा वाईट. पहिल्या लांबच्या चकरीत दोन तासांनी उतरल्यावर बायको म्हणाली, "परत येताना तू ये गाडीवर, मी बसने येते." ती खरंच बसने आली. मागची सीट म्हणजे वीतभर उशी, टेकायला काही नाही. नंतर पाठीला टेकू बसवला, सीट बदलली, आणि मुख्य म्हणजे शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, वाढवला. गाडीबरोबर आलेला तो वाकडा पाना कशासाठी आहे हे मी दीड वर्षं बघितलंच नव्हतं. दोघं बसणार असाल तर स्प्रिंग दोन खाचा कडक करा, एकटे असाल तर परत सैल. फरक लगेच कळतो.

देखभालीचं थोडक्यात. बऱ्याच क्रूझरना सेंटर स्टँड नसतो, त्यामुळे चेनला तेल लावणं हे एक काम होऊन बसतं: थोडं तेल, गाडी हातभर पुढे, परत थोडं तेल. कंटाळा येतो म्हणून इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत तेल लावणारे आहेत. चेन आणि स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) मध्ये बोट गेलं की ते कापलंच जातं. चेनची ढील साधारण २५ ते ३५ मिलिमीटर ठेवतात (तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा), आणि ती चाक फिरवत चार ठिकाणी मोजा, कारण जुनी चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली असते. चेनऐवजी बेल्टची गाडी मिळाली तर ही कटकटच नाही, फक्त बेल्टमध्ये खडा अडकलाय का तेवढं बघत जा.

तारांच्या चाकांवर भाळला असाल तर विचारून घ्या की आत ट्यूब आहे का. ट्यूब असेल तर पंक्चर झाल्यावर हवा भसकन जाते, आणि रस्त्यात प्लग मारून निघता येत नाही. चाकच काढावं लागतं, तेही सेंटर स्टँड नसलेल्या गाडीचं. माझी चाकं अलॉयची आहेत. फोटोत कमी शोभतात, मला चालतं.

क्रोम चकाकतं ते रोज पुसणाऱ्याच्या घरी. ओल्या गाडीवर कव्हर टाकू नका, आत वाफ कोंडून गंज लवकर धरतो. मी पहिल्या वर्षी अगदी हेच केलं, "पावसात भिजली, आता झाकून ठेवू" म्हणून. घर ते कोपरा अशा रोजच्या छोट्या फेऱ्याही वाईट, सायलेन्सर पुरता तापत नाही आणि आत साचलेलं पाणी त्याला आतून खातं. तुमचे २० किलोमीटर त्या दृष्टीने चांगलेच.

घ्यायला जाल तेव्हा टेस्ट राइड मोकळ्या रस्त्यावर मागू नका. आधी इंजिन बंद ठेवून, सीटवर बसून गाडी पायाने दहा पावलं मागे ढकलून बघा, थोड्या चढावर जमलं तर उत्तमच. मग संध्याकाळच्या गर्दीत अर्धा तास न्या आणि मांडीला किती चटका बसतो ते बघा. एक यू-टर्न पाय न टेकवता घ्या. शेवटी जिला किंवा ज्याला मागे बसवणार आहात त्या माणसाला मागे बसवून एखाद्या खराब रस्त्याने फिरवून आणा, आणि उतरल्यावर ते माणूस काय बोलतं ते पैसे भरायच्या आधी ऐका.