घरून दिवाळीचा फराळ विकायचा असेल तर परवाना लागतो का?

तुम्ही विचारलंय की ओळखीच्या वीस-पंचवीस घरांनाच चकली, लाडू, चिवडा द्यायचा, त्यासाठीही कागदपत्रं करावी लागतात का. हो, लागतात. फक्त परवाना आणि नोंदणी यांत गल्लत करू नका. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याने छोट्या घरगुती उत्पादकाला परवान्यातून सूट दिलीय, नोंदणीतून नाही. गिऱ्हाईक ओळखीचं आहे, काम दिवाळीपुरतंच आहे, असं म्हणून सुटका होत नाही.

मी 2022 मध्ये डोंबिवलीहून नोंदणी केली. तेव्हा वर्षाची उलाढाल 12 लाखांपर्यंत असेल तर नोंदणी पुरायची आणि फी होती वर्षाला 100 रुपये. (उलाढाल म्हणजे एकूण विक्री, नफा नव्हे.) आकडे बदलत असतात, अर्ज करताना फॉस्कॉस पोर्टलवर (अन्न परवाने-नोंदणीची सरकारी वेबसाइट) दिसेल तेच धरा. तिथेच फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा चढवायचा, झालं. मी मात्र घाबरून एका एजंटला अडीच हजार मोजले. त्याने माझ्याच मोबाइलवर आलेला ओटीपी विचारून पंधरा मिनिटांत फॉर्म भरला! अर्जानंतर एफडीएकडून (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून) तपासणीची नोटीस येऊ शकते. मला आली नाही, पण आठवडाभर ओटा घासून घासून माझे हात मात्र सोलवटले.

खरं काम लेबलचं. बंद पाकिटावर घटक लिहायचे ते वजनाच्या उतरत्या क्रमाने. म्हणजे बेसन लाडवावर आधी बेसन, मग साखर, मग तूप. गिऱ्हाइकाला खूश करायला तूप वर चढवता येत नाही. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं ती तारीख, बॅच नंबर (एका वेळी बनवलेल्या मालाला दिलेला क्रमांक), एमआरपी, तुमचं नाव-पत्ता आणि नोंदणीचा 14 आकडी नंबर हवा. चिवड्यात दाणे आहेत, शंकरपाळीत गहू आणि दूध आहे, हे ॲलर्जीसाठी वेगळं लिहा. बिल देत असाल तर त्यावरही तो नंबर लागतो.

बॅच नंबर मला आधी फुकटची कटकट वाटायची. मग एका वर्षी एका काकूंचा फोन आला, "अगं, चिवडा खवट लागतोय." वहीत पाहिलं तर ती बॅच दुसऱ्या दुकानातून आणलेल्या सुक्या खोबऱ्याची होती. त्यातली नऊ पाकिटं परत मागवली, बाकीच्यांना फोनही करावा लागला नाही.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. चकल्या तळून वर्तमानपत्रावर टाकायची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय सोडा. छपाईची शाई तेलात उतरते आणि खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला तर मनाईच आहे. दुसरं, ऑनलाइन मागवलेला स्वयंपाकघरातला काटा विक्रीला चालत नाही. वजनमापे खात्याचा शिक्का असलेला काटा घ्या.

अर्ज आजच भरा, पण नंबर हातात येईपर्यंत स्टिकर छापायला टाकू नका. मी घाईने टाकले होते. मग पाचशे स्टिकरांवर 14 आकडे पेनाने लिहीत बसले, निम्मे नवऱ्याने लिहिले, आणि त्याचा 7 अजूनही 1 सारखा दिसतो.