संत्र्याले संत्रा काऊन म्हणतात?

प्रश्न : भाऊ, वरुडकडं आमची संत्र्याची बाग हाय, आंबिया बहार तोडाले आला. पोरगा इचारते, संत्रा हे नाव आलं कुठून? कोणी सांगते पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून, खरं हाय का?

उत्तर : सिंत्राची गोष्ट लय फिरते, पण मले काही पटत नाही. बाबर १५३० मध्ये वारला, अन् त्याच्या बाबरनाम्यात हिंदुस्थानातल्या फळांमध्ये 'संगतरा' हायेच, आता तो काही पोर्तुगीजाले इचारून लिहीत बसला नसंल!

खरी मजा नारिंगाची. संस्कृतातलं नारंग फारसीत गेलं, तिथून अरबीत नारंज झालं, मग स्पेनमध्ये नारांहा, अन् फ्रेंचपर्यंत जाता जाता समोरचा 'न'च गळाला, झालं ऑरेंज. इंग्रजीत रंगालेबी फळाचंच नाव, आपल्या नारिंगीसारखं. पोर्तुगाल पाहिजेच असंल तर अरबीत पाहा, तिथं गोड संत्र्याले बुर्तुकाल म्हणतात, ते पोर्तुगालवरूनच. डच लोक तर चीनचं सफरचंद म्हणतात, घ्या! अन् बागेत मोसंबीचं झाड असंल तर पोराले सांगा, ते नाव बहुतेक आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून आलं.