विचारा की! : नात, जावई आणि जाऊबाईंचं इंग्रजी

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते, की आईबाप दोन वेगळ्या वंशांचे असले की त्यांच्या पोरांबद्दल आपण तोंडाला येईल ते बोलतो, आणि वर त्याला कौतुक म्हणतो. झालं, पत्रांचा ढीग. त्यातली चार घेतलीयेत, पहिलं मोठं आहे कारण त्यात एकाच दुपारी बरंच काही घडलंय.

ताई, मी नाशिकची, वय 67. मुलगी बर्मिंगहॅमला नर्स आहे. जावई तिथलाच, त्याचे वडील जमैकाहून आलेले, आई इंग्लिश. नात 6 वर्षांची. यंदा तिघं आले होते. माझ्या मोठ्या जाऊबाई भेटायला आल्या, नातीला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "ही हाफ-कास्ट ना गं? पण बरं झालं, रंग फार नाही गेला." जावई समोरच जेवत होता. त्याने ताट सरकवलं वगैरे नाही, पण नंतर एक शब्द बोलला नाही. रात्री नात मुलीला विचारत होती की हाफ म्हणजे काय. मुलगी म्हणते काकूंनी सॉरी म्हणायचं. जाऊबाई म्हणतात, मी 30 वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय, हा डिक्शनरीतला शब्द आहे, मी काय शिवी दिली? खरं सांगते, मला पण तो शब्द सभ्यच वाटायचा. आणि मी स्वतः पूर्वी फोनवर मैत्रिणीला "जावई निग्रो आहे" असं सांगितलंय. आता मी काय करू?

काकू, आधी जाऊबाईंच्या इंग्रजीकडे बघू, कारण त्यांचं सगळं त्यावरच अडलंय ना. हा शब्द डिक्शनरीत आहे, खरंय, शिव्यापण असतात डिक्शनरीत. पण गंमत अशी की हा शब्द विलायतेतून आपल्याकडे आलेलाच नाही, आपल्याकडून तिकडे गेलाय. पोर्तुगीज गोव्यात आणि किनाऱ्यावर आले, इथल्या जाती बघून त्यांनी त्यांच्या भाषेतला 'कास्टा' म्हणजे वंश, कूळ हा शब्द लावला, इंग्रजांनी तो उचलून 'कास्ट' केला, आणि मग ईस्ट इंडिया कंपनीचे साहेब आणि इथल्या बायका यांची जी मुलं झाली त्यांना अठराव्या शतकाच्या शेवटी 'हाफ-कास्ट' म्हणायला लागले. तिथून तो शब्द बोटीत बसून अख्ख्या साम्राज्यात फिरला. ऑस्ट्रेलियात तर तो कायद्यातच घालून ठेवला होता, आणि तिथल्या आदिवासी बायकांची अशी 'हाफ-कास्ट' पोरं सरकारी माणसं आईच्या हातातून काढून न्यायची, गोऱ्यांच्या घरी नाहीतर संस्थेत टाकायची, अनेक दशकं चाललं हे. 13 फेब्रुवारी 2008 ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली त्याची. तेव्हा जाऊबाईंना एवढं सांगा की बाई, तुमचं इंग्रजी चांगलंय, पण जुनं आहे, ज्या पुस्तकांतून तुम्ही शिकलात ती साहेबाच्या काळातली.

आणि जावई गप्प का झाला तेही बघा. जाऊबाईंना वाटतंय की त्या नातीबद्दल बोलल्या. पण बर्मिंगहॅममध्ये वाढलेला, काळे वडील आणि गोरी आई असलेला माणूस, त्याचं वय तुम्ही लिहिलं नाहीये पण चाळिशीचा धरला तर त्याची शाळा ऐंशी-नव्वदच्या दशकातली. त्या काळी तिकडे हा शब्द मैदानावर पोरं सर्रास वापरायची आणि कधी मास्तरसुद्धा, वाईट हेतू नसताना. म्हणजे तो शब्द आधी त्याचा होता, मग त्याच्या पोरीला मिळाला, तेही आजोळी, वरणभात जेवताना. आज तिकडे कुणी ऑफिसात असं बोललं तर थेट एचआरकडे जाईल प्रकरण. 2001 च्या जनगणनेत तिथे पहिल्यांदा 'मिक्स्ड' असा रकाना आला, आणि 2021 ला इंग्लंड-वेल्समध्ये साधारण 17 लाख लोकांनी तो भरला, 2.9 टक्के. लोक बोलताना 'मिक्स्ड रेस' म्हणतात, नुसतं 'मिक्स्ड' पण म्हणतात.

बरं हिशोबाने बघितलं तरी 'हाफ' चूकच आहे की! एक आजोबा जमैकाचे, एक आजी इंग्लिश, आणि दोन आजीआजोबा नाशिकचे. कुठली हाफ?

आता तुमच्या त्या 'निग्रो' बद्दल. मराठीत हा शब्द आपल्या पिढ्यांनी पेपरात, शाळेच्या पुस्तकात वाचलाय, त्यामुळे तो आपल्याला नुसती माहिती वाटतो. तिकडे तो कधीच बाद झालाय. 'हबशी' ची पण तीच गत. तो खरं तर हबश म्हणजे इथिओपियाकडचा, मलिक अंबर हबशीच होता आणि तो निजामशाहीचा वजीर झाला, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात शब्द ठीक आहे, पण जिन्यात शेजारणीला जावयाची ओळख करून देताना नाही. मैत्रिणीने विचारलं तर सांगायचं की जावई बर्मिंगहॅमचा आहे, त्याचे वडील जमैकाचे. संपलं. दहातल्या नऊ वेळा आपल्याला वंशाचा शब्द लागतच नाही हो, गावाचं नाव पुरतं. मराठीत 'मिश्रवंशीय' असा शब्द आहे, पेपरात चालतो, पण घरात कोण असं बोलतं.

सॉरीचं म्हणाल तर जाऊबाईंकडून फार मोठं काही काढून घ्यायला जाऊ नका, मान्य कर मान्य कर केलं की माणूस अजून हट्टाला पेटतो. त्यांनी जावयाला एक व्हॉइस मेसेज टाकावा, इंग्रजीत, त्या इंग्रजीच्याच बाई आहेत ना: मी जुना शब्द वापरला, तो तुम्हाला लागला, परत नाही वापरणार. एवढंच. "मला तसं म्हणायचं नव्हतं" ही पुरवणी जोडू नका म्हणावं, तिने सगळं पुसलं जातं. आणि "रंग फार नाही गेला" चं काय? माझ्या मते ते जास्त वाईट होतं. हाफ-कास्ट शब्दामागचं सगळं जाऊबाईंना माहीत नव्हतं म्हणून सोडून देता येईल, पण हे तर स्वच्छ मराठीत होतं, आणि आपण हे मराठी-मराठी लग्नातल्या पोरींना पण पाळण्यात असल्यापासून ऐकवतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की नातीचे केस विंचरताना ती रडली आणि तुम्ही "काय हे घरटं" म्हणालात. काकू, कोरडे कुरळे केस बारीक दाताच्या कंगव्याने वरून खाली विंचरले तर कुणीही रडेल. केस ओले करायचे, भरपूर कंडिशनर लावायचं, रुंद दातांचा कंगवा घ्यायचा आणि टोकाकडून गुंता सोडवत वर जायचं. तुमच्या मुलीला हे पाठ असणार, तिला व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. पुढच्या वेळी नात आली की आजीला येतंय हे बघून तिला काय वाटेल ते वाटू दे.

नमस्कार मॅडम. भुसावळला लोको शेडमध्ये नोकरी केली, आता रिटायर. आमच्यात एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर होता, ख्रिसमसला सगळ्या चाळीत केक वाटायचा. त्याला आम्ही 'आठ आणे' म्हणायचो, तो पण हसायचा. आता तो पर्थला असतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर मी त्याच्या वाढदिवसाला लिहिलं "हॅपी बर्थडे आठ आणे" तर त्याच्या मुलीने मला पर्सनलवर मेसेज केला की प्लीज असं लिहू नका. 40 वर्षं चाललं ते आता का नाही चालत?

काका, 40 वर्षं तो हसला कारण शेडमध्ये बाकीचे सगळे एका बाजूला होते आणि तो एकटा दुसऱ्या. न हसून जाणार कुठे, संध्याकाळी त्याच शेडमध्ये ड्युटी. आता तो पर्थला आहे आणि त्याची मुलगी त्याच्या वतीने हसायला तयार नाही.

'आठ आणे' म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे, सोळा आणे खरा रुपया, आणि हा अर्धा इंग्रज, अर्धा हिंदुस्थानी, म्हणून अर्धाच. साहेब लोकांच्या क्लबात हे चालायचं, कातडी किती उजळ त्यावरून भाव लावायचा, आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या बोलण्याच्या हेलावरून त्यांना 'ची-ची' म्हणायचं. आता तुम्ही म्हणाल हे इंग्रजांचं पाप, आपला काय संबंध. पण आपल्याकडे हे आयतं होतं की! तोळ्याचे मासे बारा. अकराच भरले तर अक्करमाशी. लग्नाच्या बायकोची पोरं ती बारमाशी आणि ठेवलेल्या बाईचं पोर अक्करमाशी, त्याला ना वाटणी ना मान. माणूस तराजूत घालायचा आणि कमी भरला म्हणायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला लागलं नाही, आणि हा शब्द गावाकडे शिवी म्हणून अजून कानावर येतो. अक्करमाशी म्हटलं तर डोकं फुटेल, आठ आणे म्हटलं तर गंमत, असं कसं चालेल?

तुमच्या मित्राच्या समाजाचं सगळंच असं मधल्यामध्ये अडकलेलं. 1791 मध्ये कंपनीने ठरवलं की आई किंवा बाप हिंदुस्थानी असेल तर त्या पोराला आमच्या मोठ्या नोकऱ्या नाहीत. जेम्स स्किनरचं उदाहरण तर आपल्या मराठी इतिहासातलंच आहे, बाप स्कॉटिश, आई राजपूत, जन्म 1778. कंपनीत दार बंद, म्हणून तो शिंद्यांच्या फौजेत आला, चांगला लढला. 1803 मध्ये मराठे-इंग्रज युद्ध पेटलं तर शिंद्यांच्या फ्रेंच सेनापतीने, पेराँने, त्याला आणि त्याच्यासारख्यांना इंग्रज रक्ताचे म्हणून काढून टाकलं. म्हणजे इंग्रजांना तो नेटिव्ह आणि शिंद्यांकडे तो इंग्रज. मग त्याने कंपनीसाठी पिवळ्या डगल्याचं घोडदळ उभं केलं, ते स्किनर्स हॉर्स आजही भारतीय सैन्यात आहे. पुढे या लोकांनी 'युरेशियन' वगैरे नावं नाकारून 'अँग्लो-इंडियन' नाव लावून घेतलं, 1911 च्या जनगणनेत ते अधिकृत झालं, आपल्या घटनेत 366 व्या कलमात त्याची व्याख्या आहे. लोकसभेत त्यांचे दोन नेमलेले खासदार असायचे ते पण जानेवारी 2020 मध्ये बंद झाले. एवढ्या खटपटीने मिळवलेलं नाव आहे ते, आणि तुमच्या मित्राला तर स्वतःचं नाव पण आहे. वाढदिवसाला ते लिहा. मुलीला उत्तर द्या, "बरं झालं सांगितलंस बेटा," आणि मित्राला फोन करा, केकची आठवण काढा. ग्रुपवर खुलासा वगैरे नका टाकू, नाहीतर ग्रुपवरचे सगळे रिटायर लोक त्यावर दोन दिवस चर्चा करत बसतील.

मी केपटाउनला आयटीत आहे, मूळचा सोलापूरचा. इथले सहकारी स्वतःला बिनधास्त 'कलर्ड' म्हणतात. मग अमेरिकेत हा शब्द चालत नाही असं का सांगतात? नक्की काय ते सांगा.

दोन्ही बरोबर आहे. अमेरिकेत 'कलर्ड' ही काळ्यांच्या वेगळ्या नळाची, वेगळ्या बाकाची पाटी होती, म्हणून तिकडे तो शब्द गेला. तुमच्याकडे दक्षिण आफ्रिकेत तो एका अख्ख्या समाजाचं नाव आहे, तिथले मूळ खोईसान, डचांनी इंडोनेशियातून, आफ्रिकेतून आणि हो, बंगाल-मलबारमधून पण नेलेले गुलाम, आणि युरोपियन, या सगळ्यांची पिढ्यान्पिढ्यांची सरमिसळ. त्यांची भाषा, जेवण, विनोद वेगळे आहेत. पण हा रकाना 1950 च्या वर्णभेदी कायद्याने ठोकून बसवला होता आणि त्यातल्याच काहींना तो शब्द म्हणूनच नको असतो. वरच्या काकूंच्या कंगव्यावरून आठवलं, तिथे कुणाला कुठल्या रकान्यात घालायचं अशी शंका असली की केसांत पेन्सिल खोचून बघायचे, खाली पडली तर गोरा. एकाच घरातली भावंडं दोन रकान्यांत गेली अशाने. त्यामुळे सहकारी स्वतःला म्हणतोय तोवर ऐका, तुम्ही त्याच्याबद्दल तिसऱ्याला सांगताना नाव घ्या त्याचं. आणि केपटाउनमध्ये शिकलेला शब्द शिकागोच्या क्लायंट कॉलवर वापरू नका.

मी मराठा, नवरा कोकणस्थ, पुण्यात राहतो. मुलगा 9 वर्षांचा. त्याला चांगले मार्क पडले की सासरी म्हणतात "हायब्रीड आहे ना, हुशारच असणार." बाकी वंशबिंश नाही यात, पण मला खटकतं. मी उगाच मनाला लावून घेते का?

नाही घेत उगाच. हायब्रीड ज्वारी असते, संकरित गाय असते, कुत्र्याला क्रॉस म्हणतात. हे सगळे गोठ्यातले आणि शेतातले शब्द, माणसाला चिकटवले की अर्थ तोच राहतो, की दोन जातीचे प्राणी होते ते कुणीतरी एकत्र आणले. अमेरिकेत 'मुलॅटो' म्हणायचे, त्याचं मूळ खेचराच्या शब्दात आहे असं बहुतेक कोश सांगतात, आणि 1890 च्या त्यांच्या जनगणनेत तर पाव किती, अष्टमांश किती असे वेगवेगळे रकाने होते. तुमच्या सासरी तसं कुणाच्या मनात नसणार, मान्य. पण पोराने गुण अभ्यास करून मिळवले आणि श्रेय बियाण्याला जातंय, आणि गणितात नापास झाला की मग कुठल्या बाजूचं बियाणं खराब निघेल तेही तुम्हाला माहितीये.

फक्त बोलायचं तुम्ही नाही, नवऱ्याने. त्याच्या आईबापाला, त्याच्या शब्दांत, जेवणाच्या टेबलावर नाही तर फिरायला जाताना. सून बोलली की विषय शब्दाचा राहत नाही, सुनेचा होतो.